दोन नंबरचा माल

मध्यंतरी आमच्या गल्लीत माझ्या केसांचा भाव ठरला. एक फुगा. लाल.

धुळ्याला देवपुरात आम्ही राहतो तिथे अधूनमधून एक मोटरसायकलवाला येतो. मागे दोन्ही बाजूंना पाट्या, पाट्यांत स्टीलच्या वाट्या-डबे, हँडलला भोंगा आणि भोंग्यात त्याच्याच आवाजात भरलेलं, "केसावर भांडीऽऽ, केसावर फुगेऽऽ, डोक्याचे केस द्याऽऽ". सासूबाई फणीत आलेला प्रत्येक केस बोटाभोवती गुंडाळून न्हाणीच्या पत्र्याच्या फटीत कॅरीबॅगेत साठवतात. त्यांचे वेगळे, माझे वेगळे. का वेगळे, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

सकाळची वेळ. मला साक्रीची एसटी गाठायची होती. एका हातात डबा, दातांत क्लिप, दुसऱ्या हाताने डोकं दाबून धरलेलं. कारण माझे केस नुसते विंचरून भागत नाही, वाळेपर्यंत धरून ठेवावे लागतात. अशा अवस्थेत फाटकाशी आले तर फाटकातच मोटरसायकल आडवी. शेजारी सासूबाई, समोरच्या जिजी, आणि कठड्यावर जिजींचा नातू. म्हणजे मला बाहेर पडायला वाट नाही आणि त्यांना बघायला मी आहे.

त्याने आधी जिजींची पुडी घेतली. जिजींचे केस सरळ, बारीक, वर्षानुवर्षं चमेलीच्या तेलात मुरलेले. त्याने पुडी काट्याला अडकवली, आकडा बघितला, स्टीलची वाटी काढून दिली. बोलणं नाही, चालणं नाही. सासूबाईंच्या पुडीला चहाची गाळणी मिळाली. मग माझी. ती तिघींत सगळ्यांत मोठी होती, त्यामुळे मला उगाचच आशा वाटली.

त्याने गाठ सोडली आणि पुडी आपोआप दुप्पट झाली.

"हे कोणाचे?"

"माझे," मी क्लिप न काढता म्हटलं.

त्याने एकदा पुडीकडे बघितलं, एकदा माझ्या डोक्याकडे. खात्री पटली. मग एक केस वेचून काढला, दोन्ही चिमटींत धरून ताणला आणि एक टोक सोडलं. केस परत गोळा झाला. दुसरा काढला. तोही.

"ताई, केमिकल मारलंय का?"

"नाही."

"कलर?"

"नाही."

"मग असे का?"

"जन्मापासून असेच आहेत."

"दवाखान्यात दाखवलं नाही?"

कुत्सितपणे विचारलं असतं तर मी दोन शब्द ऐकवले असते. पण त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तेवढ्यात जिजी माझ्या बाजूने धावून आल्या. "ओ भाऊ, तू तिले काही म्हनू नको. पोर रोज फनी करस, मी सोता देखस. तेल बी लावस. तरी तिना डोकाले काय व्हस, देवले मालूम!"

ही माझी वकील.

"तसं नाही जिजी," तो समजुतीने म्हणाला, "वळणारा माल दोन नंबरात जातो. पुढे शेठ घेत नाही."

"मग सरळ करून घ्यायला सांगा शेठला," मी म्हटलं.

"ते तुम्हालाच जमलं नाही, ताई."

कठड्यावरचं कार्टं हसलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. खोकला आला म्हणे.

आता त्याला माझी कीव आली असावी. म्हणाला, "डोक्यावरचे देता का? कापून? कापलेला माल वेगळ्या भावात जातो. जरा मागून दाखवा."

आणि मी वळले! एसटी सुटत होती, हातात डबा होता, पगारपत्रकावर सही करणारी बाई मी, आणि मी वळले. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस जसा आयाळ, खूर, दात बघत फिरतो, तसा तो माझ्याभोवती फिरला. दात तेवढे बघितले नाहीत, तिथे क्लिप होती.

"लांबी कमी पडते."

"ओले असले की कमरेपर्यंत येतात," सासूबाई म्हणाल्या. "वाळले की वर चढतात."

"मंग वल्लाच काप ना!" जिजींनी तोड काढली.

तो विचारात पडला. "कुकर नाही बसणार. कढई बघू." मला काही कापायचं नाहीये, हे मी तिघांच्या गळी उतरवेपर्यंत कढई बुडाला जाड हवी की पातळ, इथपर्यंत बोलणी पोचली होती.

शेवटी पुडीचा निकाल लागला. त्याने खिशातून फुगा काढला, स्वतः फुगवला, गाठ मारली आणि माझ्या डब्याच्या हातात अडकवला. "दोन नंबरचं फुग्यातच बसतं, ताई." मी तो नको म्हणून नातवाकडे दिला. नातू पाचवीत. पाचवीच्या पोराच्या हातात कोरड्या उन्हाळ्यात फुगा आणि समोर माझ्यासारखं डोकं आल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्याने फुगा माझ्या डोक्यावर घासला आणि वर उचलला. वैशाखाच्या तोंडाशी धुळ्याच्या हवेत ओलावा नावालाही नसतो. विजेचा प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी. अर्धा तास दाबून बसवलेले सगळे केस उठून फुग्यामागे गेले. फुगा डावीकडे, केस डावीकडे.

"हे मात्र एक नंबर!" मोटरसायकलवाला म्हणाला.

एसटी गेली ती गेलीच. पुढच्या गाडीत खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, आणि कुसुंब्यापर्यंत ते उरलेसुरलेही वाऱ्याने मोकळे केले. त्या प्रवासात मी बराच विचार केला. तिरुपतीला भाविक देवाला केस वाहतात, त्यांचा रीतसर लिलाव होतो. कच्च्या केसांच्या निर्यातीवर सरकारने जानेवारी २०२२ मध्ये निर्बंध आणले. म्हणजे जी वस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी निर्बंध आडवे येतात, ती मी डोक्यावर घेऊन रोज साक्रीला जाते-येते, आणि गल्लीत तिची किंमत फुगा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याहून भाची आली, तिला हा प्रकार सांगितला तर तिला भलताच आनंद झाला. "मावशी, तू टू-सी आहेस!" अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचे केस करणाऱ्या आंद्रे वॉकरने १९९०च्या दशकात केसांची वर्गवारी केली म्हणे : सरळ ते एक, लाटांचे ते दोन, कुरळे तीन, अगदी घट्ट वेटोळ्यांचे चार, आणि त्यांत पुन्हा ए, बी, सी. लाटांमधल्या सगळ्यांत आडमुठ्या त्या टू-सी. म्हणजे अमेरिकेत विचारा नाहीतर देवपुरात, माझा नंबर दोनच.

मग तिने मला कामाला लावलं. केस कोरडे असताना फणी लावायचीच नाही. ओले असताना, कंडिशनर असतानाच, जाड दातांच्या फणीने खालून वर सोडवायचे. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळायचं. नंतर जेल, मुठीत धरून चुरगाळायचं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. शास्त्र खोटं नाही. केसाच्या बाहेरच्या थराचे खवले उचलले गेले की तो पिंजारतो. सरळ केसांवरून मुळातलं तेल घसरत टोकापर्यंत जातं. आमच्याकडे ते पहिल्याच वळणाला थांबतं आणि खालचा मुलूख कायमचा दुष्काळी. सगळं पटलं. पण "वाळेपर्यंत" म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाली, "दोन-तीन तास. रविवारी कर ना."

रविवारी! रविवारी पापड असतात, पाहुणे असतात आणि मुख्य म्हणजे पाणी नसतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की आधी टाकी, मग पिंप, मग हंडे, मग शेजारणीशी पाइपावरून भांडण. उरलं तर डोकं. नळ नसला तर बोअरचं पाणी; त्यात इतका क्षार की शाम्पूला फेस येत नाही आणि धुतल्यावर केस धुण्याआधीपेक्षा खरखरीत. त्यात ही पोरगी सांगते, कंडिशनर दोनदा लाव आणि भरपूर पाण्याने धू. भरपूर पाणी!

उन्हाळ्यात हे असं, म्हणून पावसाळ्यात बरं असेल असं वाटत असेल तर तेही नाही. पावसाळ्यात केस हवेतलं पाणी पितात आणि फुगतात. १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र मांडलं, त्यात मोजणारा काटा माणसाच्या केसाला बांधलेला होता. हवा अगदी कोरडी ते अगदी दमट झाली तर केस शंभराला दोन-अडीच इतका लांबतो, आणि तो काटा हलवायला तेवढं पुरतं. अट एकच, केसातलं तेल आधी काढून टाकायचं. म्हणजे जिजींचा केस नापास, माझा पास! तापीकडून ढग यायच्या आधी माझं डोकं वर येतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई माझ्याकडे बघूनच वाळवण आत घेतात. वेधशाळेत याचा पगार मिळतो. इथे "अगं, विंचरलं नाहीस का?" मिळतं.

या "विंचरलं नाहीस का"चंच मला खरं दुखतं. पुडीला फुगा मिळाला त्याचं एवढं नाही. तो धंदा आहे, त्याने माल बघितला. पण ऑफिसातले साहेब भर मीटिंगमध्ये "काय मॅडम, आज झोपेतून थेट?" म्हणतात, तेव्हा मी पाच वाजता उठून तिघांचे डबे करून, डोकं धुऊन, तालुका ओलांडून आलेली असते. साहेब स्वतः डाव्या कानावरचे चार केस उजव्या कानापर्यंत नेतात, पंखा लागला की ते उभे राहून टाळ्या वाजवतात. त्यावर आजवर कोणी अक्षर काढलेलं नाही. बाईचे केस मात्र बसलेले नसले की ती आळशी, नाहीतर आजारी, नाहीतर घरी काहीतरी बिनसलेलं. गेल्या लग्नात एका लांबच्या नणंदेने मला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक ना गं?" मी खास पार्लरमधून आले होते.

आणि उपाय? उपायांना तोटा नाही. कांद्याचा रस, मेथी, दही, जास्वंद. रावेरच्या जावेने तर केळ्याची आण घातली. "आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तू बाटलीतलं काय लावतेस!" मानांकित केळं कुस्करून लावलं. ते वाळलं. न गाळता लावायचं नसतं, हे तिने धुतल्यानंतर सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस फणीत केळं येत होतं, आणि त्या दिवसांतली पुडी मोटरसायकलवाल्याने नुसती हुंगून बाजूला ठेवली असती.

पार्लरवाली म्हणते स्मूथनिंग कर. हजारोंच्या घरातला आकडा सांगते आणि वर, "थोडं डोळ्यांतून पाणी येतं, पण ते चालतं." ते पाणी कशाने येतं तर यातल्या बऱ्याच औषधांतून गरम इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो म्हणून, शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवायचे ना बरणीत, त्या फॉर्मलिनचाच भाऊबंद. शिवाय केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. आखाजीला सरळ केले तर दिवाळीला वर लाटा आणि खाली पट्टी. ते घेऊन साहेबांसमोर कोण जाणार?

तेव्हा भाचीने पुण्याला गेल्यावर सीरमची बाटली पाठवली. छोटीशी, महागडी. सकाळी दोन थेंब तळहातावर घ्यायचे, ओल्या केसांवरून फिरवायचे, बस, तीन तास नाहीत की दोन बादल्या नाहीत. खरंच फरक पडला. खवले बसतात, वर सिलिकॉनचा पातळ थर राहतो. दोन सकाळी मी एसटीत खिडकीशी बसले आणि कोणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी बाटली अर्धी. विचारलं तर हे अंगणातून म्हणाले, "ती होय? त्यात सिलिकॉन लिहिलंय ना, डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये तेच असतं. उन्हाने गाडीची सीट पांढरी पडली होती, लावून बघितलं. ये, बघ ना, काय चकाकी आलीय!"