खारी, केल्विन आणि उलटा सिंहगड

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी लाल रंगाची, दोन दारांची, सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. ही बातमी मी बऱ्याच जणांना सांगून पाहिली आहे. पुरुष "अ‍ॅव्हरेज किती देते?" विचारतात आणि बायका माझ्या बायकोकडे बघतात. आई त्या गाडीत एकदाच बसली. उतरताना तिला मी आणि वॉचमन अशा दोघांनी मिळून बाहेर काढली. "श्राद्धाच्या पंगतीतला पाटसुद्धा याहून उंच असतो," एवढंच म्हणाली आणि पुढे महिनाभर रिक्षाने हिंडली.

गाडी पळते झकास. म्हणजे पळत असावी. पुण्यात तिसरा गिअर टाकायची वेळ क्वचित येते, आणि आली तर लगेच स्पीडब्रेकर येतो. तो आम्हाला तिरपा घ्यावा लागतो, देवळात मागं न फिरता कडेकडेने बाहेर पडावं तसा. पण खरी भानगड दिव्यांची होती. गाडी पंधरा वर्षांची, आणि हेडलाइटच्या काचांना मोतीबिंदू झालेला. काच आपण सवयीने म्हणतो, असतं ते पॉलिकार्बोनेट. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते पिवळं आणि धुरकट होतं. त्यातून जो काही प्रकाश बाहेर यायचा त्याला उजेड म्हणणं म्हणजे निरांजनावर अन्याय.

हे मला कळलं जुलैतल्या एका शनिवारी, ताम्हिणीतून परतताना. अंधार पडला, धुकं उतरलं, आणि समोर रस्ता आहे हे मी निव्वळ श्रद्धेने मानून चाललो होतो. तेवढ्यात मागून माणगावकडची एसटी आली. तिचे दिवे उंचावर. माझ्या टपावरून थेट पुढच्या रस्त्यावर प्रकाश पडला. मला वळण दिसलं, खड्डा दिसला, कठड्याचे पांढरे पट्टे दिसले. मी ठरवलं, आता हिला सोडायचं नाही. ती थांबली की मी थांबायचो, ती निघाली की पुढे निघायचो. तिसऱ्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून आला.

"काय प्रॉब्लेम आहे का साहेब?"

"नाही हो. दिवे मंद आहेत. तुमच्या उजेडात चाललोय."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मग तिकीट काढा."

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. त्याने दिवे लावले, विझवले, तोंडाने 'च्च' केलं. "मामा, हे स्टॉक आहे, कंपनीने दिलेलं तसंच. स्टॉकवर कोणी गाडी चालवतं का?" मी इतकी वर्षं सगळ्या गाड्या स्टॉकवरच चालवल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं नाही.

आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही अवयव हवा असला की माणूस नाना पेठेत जातो. तिथे सायलेन्सर तोरणासारखे टांगलेले असतात. मूळ बल्ब एच-फोर, अप्परला 60 वॉट, डिपरला 55. दुकानदाराने गाडी कुठली हेसुद्धा न विचारता 100/90 चा बल्ब काउंटरवर ठेवला. "ह्याच्यावर रात्री लग्न लावता येईल," म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने दोनदा बजावली, की बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेला राहतं, तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब जातो. हे तो सांगत असताना मी बल्बवर हा करून रुमालाने चष्म्यासारखा पुसत होतो.

डावा चौथ्या दिवशी गेला. उजव्याने बाणेदारपणे आठवडा काढला. मग एका संध्याकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला झकास खमंग वास आला. मला वाटलं, कुठेतरी कांदाभजी तळतायत. भूकही लागली. तो वास माझ्या बोनेटखालून येत होता. 55 वॉटच्या हिशेबाने केलेला होल्डर 90 वॉटने वितळून बल्बला मिठी मारून बसला होता.

"म्हणून तर एलईडी," भाचा म्हणाला.

एलईडीच्या दुकानात उजेड केल्विनवर विकतात. 4300, 6000, 8000. आमच्या शाळेत केल्विन फक्त उणे 273 अंशांपाशी भेटायचा, एका मार्काच्या प्रश्नात. तो इथे खोक्यावर छापून बसला असेल अशी कल्पना नव्हती. मी अर्थातच 8000 वर हात ठेवला. पैसे द्यायचेच तर मोठा आकडा का नको? भाच्याने मला बाजूला घेतलं. "मामा, केल्विन म्हणजे रंग. उजेड लुमेनमध्ये असतो. आठ हजारला रस्ता निळा दिसेल, उजेड उलट कमी वाटेल." हे मात्र त्याचं खरं निघालं. त्या सबंध प्रकरणात त्याचं खरं निघालेलं हे एकमेव वाक्य, म्हणून नोंदवून ठेवतो.

6000 वाले बसवले. बल्बच्या बुडाला चिमुकला पंखा, तो घरघरतो. दिवे लावल्यावर पार्किंगमध्ये दिवस उगवला. मी खूश. रस्त्यावर आलो आणि लक्षात आलं की मला रस्ता सोडून सगळं दिसतंय. झाडांचे शेंडे दिसतायत. झोपलेले कावळे दिसतायत. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेलं धोतर दिसतंय, काठासकट. कारण साधं होतं, मला उशिरा समजलं इतकंच. हेडलाइटच्या आतली चकचकीत वाटी जी असते, तिचा प्रत्येक पैलू फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून येणारा प्रकाश धरून घडवलेला असतो. तिथे एलईडीच्या चपट्या चिपा आल्या की वाटी बिचारी गोंधळते आणि दिसेल तिकडे प्रकाश फेकते. मुख्यतः समोरच्याच्या डोळ्यांत.

2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा गाडी सुरू केली की आपोआप लागतो, तरी आजही भर दुपारी कोणीतरी पाची बोटं उघडमीट करून तुम्हाला "दिवा चालू आहे" असं कळवतंच. परोपकाराची ती मुद्रा मला पाठ होती. माझ्या एलईडीसाठी लोकांनी वेगळ्या मुद्रा राखून ठेवल्या होत्या. म्हात्रे पुलावर एका स्कूटरवाल्या काकांनी तर गाडी आडवी घातली, हेल्मेट काढलं, डोळे पुसले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "नेत्रदानाचा फॉर्म भरलाय मी. पण मेल्यावर."

त्याच आठवड्यात चांदणी चौकाजवळ हवालदाराने थांबवलं. "बाहेरून बसवलेत ना?" नाही म्हणणं शक्य नव्हतं, तो तळहात डोळ्यांवर धरून बोलत होता. कायद्यात 2019 पासून मालकाने गाडीत नियमाबाहेर फेरफार केला तर प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपयांपर्यंत फटका आहे, शिवाय सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही सोय आहे. माझ्यातला पुणेकर नको तिथे जागा झाला. मी विचारलं, "दोन दिवे म्हणजे एक फेरफार धरतात की दोन?"

"वकील आहात का?"

"नाही, बँकेत."

"मग दोन."

शेवटी "काढून टाका, पुन्हा दिसलात तर बघा" यावर सुटलो. पुन्हा दिसणार नाही अशी गाडी नव्हती, हीच अडचण.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. त्याच टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे, जिथे गाड्यांचे दिवे मोजून-तपासून मंजूर करतात. तिच्या कुंपणावरून मी वर्षानुवर्षं जा-ये करतोय. अंगाला काही लागलं नाही. भाचा म्हणाला, "प्रोजेक्टर बसवू, म्हणजे भिंगाचा हेडलाइट. त्यात भिंगापुढे नाही, भिंगामागे एक पत्रा असतो. त्याने वरचा प्रकाश कापला जातो. समोरच्याला त्रासच नाही, मग पकडेल कोण?" मी म्हणालो, बसव.

प्रोजेक्टर बसवायचा तर हेडलाइट उघडावा लागतो. पुढची काच आणि मागचं खोकं काळ्या चिकट सीलंटने जोडलेलं असतं, आणि ते शंभरेक अंशांना सात-आठ मिनिटं शेकल्याशिवाय सुटत नाही. कुठे शेकायचं? ओव्हनमध्ये. आमच्या ओव्हनचं दार बायकोने पाठ लावून अडवलं. "यात मी केक करते." तसाही हेडलाइट त्यात मावत नव्हता. शेवटी आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. बेकरीवाले भले गृहस्थ. दुपारी खारीचा घाणा निघाल्यावर भट्टी निवत आली, तेव्हा त्यांनी ट्रेवर वर्तमानपत्र अंथरून माझे दोन्ही हेडलाइट आत सारले. घड्याळ लावून आम्ही तिघं भट्टीपुढे उभे, बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे. ट्रे बाहेर आला तेव्हा काउंटरवर एक आजी होत्या. त्यांनी चष्मा सरळ करून पाहिलं आणि विचारलं, "हे नवीन काय? अंड्याचं नाही ना?"

हेडलाइट सुटले. प्रोजेक्टर बसले. पुन्हा शेकून जोडले. रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी केली आणि दिवे लावले. काय सांगू! भिंतीवर सुरीने कापावी तशी रेघ. वर काळोख, खाली शुभ्र उजेड. आणि त्या रेघेच्या मधोमध, खाली डोकं वर पाय, सिंहगड. टॉवरसकट. मला आधी वाटलं डोळे गेले. मग भाच्याने हेडलाइटमध्ये टॉर्च मारून पाहिलं. आतल्या पत्र्याच्या कडेवर खारीचा एक पापुद्रा चिकटला होता आणि भिंग त्याचं चित्र इमानाने भिंतीवर पाडत होतं. भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून गड उलटा. तो काढायला हेडलाइट पुन्हा उघडायचा तर पुन्हा बेकरी, आणि पुन्हा खारी. मी म्हटलं, राहू दे.

गडाचं काही नव्हतं, पण दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी आले. माझी गाडी गेटमधून आत वळली की त्यांच्या झोपायच्या खोलीत फोकस पडतो. मग कळलं: ती रेघ एका बाजूला थोडी वर चढते, रस्त्याची कड आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. आपण डावीकडून चालतो, तर ती डावीकडे चढायला हवी. भाच्याने स्वस्तात मागवलेले प्रोजेक्टर उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचे होते. माझी रेघ उजवीकडे चढत होती, थेट समोरून येणाऱ्यांच्या आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांत. वर ऑगस्टमध्ये हेडलाइटच्या आत बाष्प धरलं, सप्टेंबरात मुंग्या शिरल्या. लोण्याचा वास त्यांना आमच्या आधी लागला होता. आईने गॅलरीतून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चांगले दिवे लावलेस हो."

रास्ता पेठेत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. वय सत्तरीचं, चष्मा दोरीला. मी एकतीस हजारांची सगळी कथा सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही 'हं' केलं नाही. शेवटी म्हणाले, "मुळातलं सामान आहे का?" होतं. बायकोने मूळ वाट्या आणि बल्ब माळ्यावर जुन्या डब्यात जपून ठेवले होते. "लागतील" असं ती तेव्हाच म्हणाली होती, मी ऐकलं नव्हतं.

काकांनी मूळ सामान आणि नवा होल्डर बसवून मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट. बल्बपाशी 11.2. "बघा," ते म्हणाले, "पगार झालाय, घरी पोचत नाहीये." फिलामेंटच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड तीसेक टक्के पडतो. माझं एकोणीस टक्के घसरलं होतं, म्हणजे उजेड निम्म्यावर. मग ते बोनेटखाली कुठेतरी कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ चाचपत राहिले आणि एक बोल्ट बाहेर काढला. गंजून पार गुळाच्या खड्यासारखा झालेला. अर्थिंगची वायर त्याच्यावर होती. त्यांनी तो घासला नाही, फेकला. वायरचं टोक मात्र चकचकीत होईपर्यंत घासलं. बॅटरीवरून थेट वायर आणून दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, टाकले. मग बादलीभर पाणी घेऊन वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, आठशे नंबर, पंधराशे, दोन हजार, एकापाठोपाठ एक, शेवटी पॉलिश आणि लॅकरचा हात. पिवळं पाणी गटारात गेलं आणि खालून काच निघाली. भिंतीवर खडूने खूण करून हेडलाइटमागचे दोन स्क्रू स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेरा फिरवले. हे स्क्रू तिथे आहेत हे मला आणि भाच्याला, दोघांनाही, माहीत नव्हतं.

बिल चौदाशे पन्नास. पैसे मोजताना त्यांनी विचारलं, "चष्म्याचा नंबर कधी काढला होता?" तोही जाऊन काढला. अर्ध्याने वाढला होता.

परवा बायकोला घेऊन मुद्दाम ताम्हिणीतून रात्री आलो. वळण दिसत होतं, खड्डा दिसत होता, समोरून येणारे कोणी डोळ्यांवर हात धरत नव्हते. मागे एक टेम्पो लागला होता. मी हळू झालो की तो हळू, मी वेग घेतला की तो घेणार. मला फार बरं वाटलं. पौडजवळ चहाला थांबलो, तर तोही थांबला. ड्रायव्हर उतरून आला. मी तिकिटाचा विनोद ओठांवर तयार ठेवला होता.

"साहेब, उजेड एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण तुमचा मागचा डावा लाल दिवा लागत नाही. घाटभर मी तुम्हाला बुलेट समजून दोनदा ओव्हरटेक मारणार होतो."

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच लागत नव्हता. परत आलो तर बायकोने माझा मोबाइल पर्समध्ये टाकून चेन लावलेली. "भाच्याला कळवायचं नाही," ती म्हणाली आणि अजून एक कटिंग सांगितली.