फाटकापुढचे शंभर मीटर

जूनमधल्या त्या सोमवारी सकाळी इथे लंडनमध्ये उठले, तर फोनवर ताईचे तीन व्हॉइस मेसेज होते. पहिला, पुण्याच्या घड्याळाने सहा पन्नासचा : "अगं, अजून पुलावरच आहोत." दुसरा सात बाराचा : "गेट लावलं. दोन मिनिटांसाठी." तिसऱ्यात ताई बोललीच नव्हती. पावसाचा आवाज, हॉर्नवर हॉर्न, आणि मध्येच माझ्या भाचीचा आवाज, "आई, घरी जाऊया ना आता."

भाची तिसरीत आहे. घर ते शाळा नऊ किलोमीटर. रेनकोट घालून, दप्तर पोटाशी धरून, शाळेच्या पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं बंद फाटकाबाहेर उभी होती. तिच्याबरोबर आणखी तीसेक मुलं. त्यातल्या एकाचीही चूक नव्हती, आणि हे मला दिवसभर बोचत राहिलं.

आपल्याकडे यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, पालकांना शिस्त नाही, दहा मिनिटं लवकर निघायला काय होतं? दुसरं, शाळाच उशिरा भरवा. दुसऱ्या मताला सरकारी आधारही मिळाला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्यावर स्कूलबसवाल्यांनी हरकत घेतली की नऊची शाळा म्हणजे बस नेमकी ऑफिसच्या गर्दीत सापडणार. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांनी वर्गखोल्यांचं गणित मांडलं. भाचीची शाळा आजही सात दहालाच भरते.

मुलांना झोप हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या सोमवारचा खोळंबा घड्याळामुळे झाला नव्हता. नऊची शाळा असती तर तोच खोळंबा नऊला झाला असता, कदाचित दुप्पट.

पहिल्या आठवड्यात नेमकं काय होतं, हे ज्याने पोर सोडलंय त्याला माहीत आहे. व्हॅनवाल्या काकांची यादी अजून पक्की झालेली नसते, रिक्षावाले काका "सोमवारनंतर बघू ताई" म्हणतात, म्हणून एरवी व्हॅनने जाणारी निम्मी मुलं आईबाबांच्या गाडीतून येतात. पावसाआधी खोदलेला रस्ता नुसता मुरूम टाकून बुजवलेला असतो. फाटकाशी गाडी थांबते. आधी डबा, मग पाण्याची बाटली, मग मागच्या सीटवर अडकलेलं दप्तर, मग रेनकोटची टोपी सारखी करणं. दीड मिनिट गेलं. मागची गाडी शेजारून पुढे काढायला जाते आणि समोरून बस येते. आता दोघींना हलता येत नाही. रांग चौकापर्यंत पोचली की सिग्नल हिरवा असूनही काही सरकत नाही. यात कुणी एक जण बेशिस्त असावा लागत नाही. प्रत्येक जण आपल्या मुलाला फाटकाच्या जास्तीत जास्त जवळ सोडतो, कारण शंभर मीटर अलीकडे सोडलं तर ते पोर चालणार कुठून? फुटपाथवर दुचाक्या आहेत.

मी लंडनच्या पश्चिम भागात अकरा वर्षं राहते. माझा मुलगा इथल्या साध्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. इथे सगळं आपोआप नीट चालतं, असा समज कुणी करून घेऊ नये. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या गल्लीत सप्टेंबरचा पहिला आठवडा पुण्याच्या जूनसारखाच असायचा, फक्त हॉर्न नसायचे. फाटकासमोर पिवळ्या नागमोडी रेषा असतात, तिथे गाडी थांबवायची नाही. लोक बिनदिक्कत थांबवायचे. आठ पन्नासला फाटक बंद. त्यानंतर ऑफिसात जाऊन वहीत नाव आणि उशिराचं कारण लिहायचं, आणि हजेरी मिटल्यावर पोचलात तर त्या सत्राची गैरहजेरीच लागते. आमचं घर शाळेपासून चौदाशे पावलांवर आहे. तरी मी गाडी न्यायचे, कारण तिथून तशीच ऑफिसला जायचे. एका सकाळी रिव्हर्स घेणाऱ्या एका बाईंच्या गाडीचं चाक फुटपाथवर चढलं आणि मी मुलाची पायाने ढकलायची स्कूटर हँडलला धरून मागे ओढली. मला त्या बाईंचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही असू शकले असते, आणि तेच जास्त भयंकर वाटलं.

पुढच्या वर्षी कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, आमची गल्ली 'स्कूल स्ट्रीट' केली. म्हणजे शाळा भरताना आणि सुटताना पाऊण-पाऊण तास गल्ली गाड्यांना बंद. गल्लीत राहणाऱ्यांना, अपंगांच्या गाड्यांना, रुग्णवाहिकेला मुभा. सुरुवातीला पालक केशरी जॅकेट घालून शंकू मांडायचे, मग कॅमेरा आला. परवाना नसताना शिरलं तर शंभर पौंडांहून जास्त दंड. ही कल्पना लंडनची नाही. इटलीतल्या बोल्झानो शहराने 1989 मध्ये ती आधी केली. लंडनमध्ये कोविडच्या काळात तिचा झपाट्याने प्रसार झाला आणि आता अशा 500हून अधिक गल्ल्या आहेत.

विरोध इथेही कडाडून झाला. पहिल्या सत्रात गर्दी शेजारच्या रस्त्यावर सरकली आणि तिथले लोक चिडले, त्यांचं चुकीचं नव्हतं. पण हळूहळू लांबून येणारे चारशे मीटर अलीकडे गाडी लावून चालत यायला लागले. जवळचे आम्ही गाडी काढायचंच विसरलो. आता त्या पाऊण तासात मुलं रस्त्याच्या मधोमध चालतात. पहिल्या आठवड्यातला उशीर अजून होतो, पण तो आईचं बोट न सोडणाऱ्या चार वर्षांच्या पोरांमुळे.

गेल्या सप्टेंबरमध्ये आई आली होती. नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घालून ती दोन दिवस माझ्याबरोबर चालली, तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन एकटी निघाली. मी खिडकीतून पाहत होते. कोपऱ्यावर गोल पाटी घेऊन उभे असणारे आजोबा रस्त्यात उतरले, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, आणि आई घाई न करता, मध्येच नातवाची कॉलर सारखी करत पलीकडे गेली. ही तीच आई, जी पुण्यात भाचीला समोरच्या डेअरीपर्यंत न्यायलाही धजत नाही.

भावजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्याकडे फुटपाथ आहेत आणि शाळा कोपऱ्यावर आहे. आम्ही नऊ किलोमीटर चालत जायचं का?" हा प्रश्न टाळता येणार नाही. इथे बहुतेक सरकारी शाळांत जागा कमी पडल्या की घर किती जवळ आहे यावर प्रवेश ठरतो. त्याची किंमतही आहे : चांगल्या शाळेभोवतीची घरं महाग होतात आणि ज्यांना ती परवडत नाहीत, ते मागे राहतात. हा अन्याय मला मान्य नाही. पण अंतर मोजणं आपल्यालाही नवीन नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, 25 टक्के राखीव जागांसाठी आपणही घर ते शाळा अंतर नकाशावर मोजतो, एक किलोमीटर, तीन किलोमीटर. गरिबाच्या मुलासाठी अंतर हा नियम, आणि बाकीच्यांसाठी नऊ किलोमीटर ही आवड. शेजारची महापालिकेची शाळा पोराला घालावीशी वाटेल अशी करणं हे मोठं काम आहे, त्याला वर्षं लागतील. तोवर भाची पावसात उभी राहणार का?

नाही. कारण शेवटच्या शंभर मीटरसाठी वर्षं लागत नाहीत. पुण्याला रस्ता बंद करता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. शाळा उघडतात त्याच सुमारास ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात. लाखो वारकरी, आणि कुठला रस्ता किती वाजता बंद, वाहनं कुठून वळवायची, याचं तक्ता मांडून वाहतूक पोलीस नियोजन करतात. विसर्जन मिरवणुकीला मध्यवस्तीतले रस्ते रात्रभर बंद असतात. 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्यावर गाड्या येऊ देत नाहीत. हे ज्या शहराला जमतं, त्याला शाळेची एक गल्ली सकाळी चाळीस मिनिटं मुलांना देणं नक्की जमेल. अलीकडच्या मैदानाशी किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात उतरवण्याची जागा ठरवायची, तिथून फाटकापर्यंतचा फुटपाथ मोकळा ठेवायचा, चार पालकांनी आळीपाळीने उभं राहायचं. बस आणि व्हॅनला आधी, खासगी गाड्यांना नंतर. आणि पहिला आठवडा फाटक पंधरा मिनिटं जास्त उघडं ठेवायचं, एवढं तरी मुख्याध्यापकांच्या हातात आहेच.

यासाठी नवा कायदाही नको. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ यांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. ज्यांनी ही गल्ली सोडवायची, ते सगळे कागदावर एका टेबलाभोवती आहेतच. ताईला ही समिती असते हेच माहीत नव्हतं. तिने वर्गाच्या ग्रुपवर विचारलं, तर तिथेही कुणाला माहीत नव्हतं.

तिने अर्ज दिला. चौदा पालकांच्या सह्या आहेत, दोन व्हॅनवाल्या काकांच्याही. मुख्याध्यापक बाईंनी शनिवारी भेटायला बोलावलंय. ताईने भाचीच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडून गल्लीचा नकाशा काढलाय, उतरवायच्या जागेवर लाल स्केचपेनने गोल केलाय, आणि दुचाक्या कुठे कुठे लागतात ते भाचीने शेजारी लिहून दिलंय. मोजून सव्वीस.