आजारी माणसाचे तारण झालेले नसते काय?

‘ज्याचे खरोखर तारण झाले आहे तो आजारी राहत नाही, राहत असेल, तर त्याच्या विश्वासात खोट आहे.’ तारणाचा, म्हणजे देवाने पापांपासून केलेल्या सुटकेचा, ‘खरा अर्थ’ सांगणारा पाच मुद्द्यांचा एक संदेश सध्या मोबाइलवरून फिरत आहे आणि त्यातला हा तिसरा मुद्दा आहे. संदेश माझ्याकडे यापूर्वीही आला होता. तेव्हा मी दुर्लक्ष केले. माझी मावशी मात्र दोन वर्षांपासून उपचार घेत आहे. गेल्या आठवड्यात तिने तो मला पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘म्हणजे माझे तारण झालेलेच नाही का?’ तिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, घेणे थांबवले आहे, हेही मला तेव्हाच कळले. म्हणून हा मुद्दा आधी घेते.

त्यात एक अर्धसत्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. नव्या करारात ‘तारणे’ यासाठी येणारे ‘सोझो’ हे ग्रीक क्रियापद ‘बरे करणे’ या अर्थानेही वापरले आहे. प्रभू येशूने आजाऱ्यांना बरे केले, आणि मंडळी, म्हणजे चर्चमधला विश्वासणाऱ्यांचा समुदाय, आजही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते ती मनापासूनच. पण एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, यावरून ते दोन अर्थ म्हणजे एकच घटना, असे सिद्ध होत नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय उघडून पाहावा. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, दहाही जणांच्या शरीरावरचा रोग गेला. परत आला तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके मानत त्यांच्यातला. त्याने मोठ्याने देवाचा गौरव केला आणि येशूच्या पायांशी पालथे पडून उपकार मानले. लूकने रोग जाण्यासाठी आधी ‘शुद्ध होणे’ आणि ‘बरे होणे’ अशी वेगळी क्रियापदे वापरली आहेत. ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे’ या वाक्यातले ‘सोझो’ मात्र त्या एकट्याच्याच वाट्याला आले. शरीराचे आरोग्य हीच तारणाची खूण असती, तर उरलेल्या नऊ जणांनाही तेच वाक्य ऐकायला मिळाले असते. शिवाय त्याने उपकार मानले, हे सांगणाऱ्या ग्रीक शब्दाच्या कुळातूनच प्रभुभोजनाचे ‘युखरिस्त’ हे नाव आले आहे. म्हणजे ज्या मेजापासून मावशी दूर राहिली, त्या मेजाचे नावच उपकारस्तुतीचे आहे, निरोगीपणाच्या दाखल्याचे नाही.

आणि आरंभीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या सोबत्यांचे काय करायचे? एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेत येथे मागे ठेवावे लागले. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवार येणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलानेच दिला. तुझा विश्वास कमी पडतो आहे, असे त्याने लिहिले नाही. स्वतः पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि त्याला उत्तर मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराच्या शरीराची तर कोणतीच वेदना कमी झाली नाही, तो त्याच दिवशी मेला, आणि तरीही सुखलोकाचे वचन त्यालाच मिळाले. या सर्वांच्या विश्वासात खोट होती, असे म्हणण्याची संदेश लिहिणाऱ्याची तयारी आहे काय?

संदेशात याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाचा आधार दिला आहे, पण सोयीचा तेवढाच. तिथे प्रश्न असा आहे, की तुमच्यापैकी कोणी दुखणाईत आहे काय. ‘तुमच्यापैकी’ म्हणजे मंडळीतला, विश्वास ठेवणारा. त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे याकोब सांगतो. त्यात हालचाल मंडळीने आजाऱ्याकडे करायची आहे. आजाऱ्याने अपराधी होऊन मंडळीपासून दूर सरकायचे नाही.

बाकीचे मुद्दे इतका वेळ घेण्याजोगे नाहीत. पहिला मुद्दा असा, की एकदा ठरावीक प्रार्थना उच्चारली की तारण पक्के झाले, पुढचे वागणे गौण. तारण कमावता येत नाही, ते कृपेचे दान आहे, इतपत हे बरोबरच आहे. पण इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘कर्मांनी नव्हे’ याच्या पुढच्याच वचनात सत्कर्मांसाठी निर्माण केल्याचे म्हटले आहे, आणि जक्कयाच्या घराला तारण लाभले त्या दिवशी त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. कृपा की कर्मे, या ज्या प्रश्नावर चर्च दुभंगले, त्यावरही लुथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथोलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आणि तीच कृपा सत्कर्मांना बळ देते.

दुसरा मुद्दा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, चुकवणाऱ्याचे तारण टिकत नाही, असा आहे. आपल्या भाषेत कर्जासाठी ठेवलेल्या वस्तूलाही ‘तारण’ म्हणतात. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा तोच अर्थ असावा. देवाचे दान पैशाने मिळवू पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने कसे धिक्कारले, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे.

चौथ्या मुद्द्यानुसार तारण ही केवळ मेल्यानंतरची गोष्ट आहे, आणि पाचव्यानुसार ते ज्याचे त्याचे असल्यामुळे सामुदायिक उपासनेची गरज नाही. पौल झालेल्या, होत असलेल्या आणि पुढे व्हायच्या अशा तिन्ही काळांत तारणाविषयी लिहितो. उपासनेत आपण ‘होसान्ना’ म्हणतो, त्या हाकेचा मूळ अर्थ ‘कृपा करून तार’ असा आहे, आणि ती आपण सगळे मिळून घालतो. आणि येशू हे नाव का ठेवायचे, हे मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे: तो आपल्या प्रजेला तिच्या पापांपासून तारील म्हणून.

मावशीला मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचून दाखवला. आत्म्याचे प्रथमफळ मिळालेले आपणही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत, असे पौल तिथे लिहितो, आणि त्या ‘आपण’मध्ये तो स्वतःलाही धरतो. तिने ते वचन पुन्हा वाचायला सांगितले. तिच्या मंडळीच्या पाळकांना मी घरी येऊन तिच्यासाठी प्रार्थना करण्याची आणि तिला प्रभुभोजन देण्याची विनंती केली आहे. ज्यांनी तिला तो संदेश पाठवला, त्यांनीही त्या दिवशी यावे.