जागा कमी दाखवल्याच्या आरोपाबद्दल आमचं उत्तर

साहेब, नमस्कार.

तुम्ही आमच्या कामाला एक तारा दिलात. मोजणी आणि ले-आउटला तीन आठवडे लावले, फोन उचलले नाहीत, असं लिहिलंत. त्यापुढे लिहिलंत की, "नकाशात जागा दोन टक्के कमी दाखवली आहे. भावाने टेपने मोजली, मोबाईलवरही बघितली, तर पूर्ण भरते. शेजाऱ्याशी संधान असावं." फोन वेळेवर लागले नाहीत आणि तुम्हाला ताटकळावं लागलं, याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

उशीर झाला, उत्तर मिळालं नाही, असं कोणी लिहिलं तर आम्ही ऐकून घेतो. पण "जागा कमी दाखवली" हे वाक्य तसंच ठेवून गप्प बसता येत नाही. आमच्याकडे जाहिरात नाही. एकाचं काम झालं की तो दुसऱ्याला सांगतो, त्यावर हे ऑफिस आणि उन्हात स्टाफ (उंची मोजायची उभी पट्टी) धरून उभी राहणारी मुलं चालतात. नवीन माणूस काम देण्याआधी हीच ओळ वाचणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची जागा वरच्या रस्त्यापासून खालच्या ओढ्याकडे उतरत जाते. तुमच्या भावाने टेपचं एक टोक रस्त्याच्या कडेला धरलं, टेप गवतावरून उतारावर सोडत नेली आणि ओढ्याच्या काठापर्यंत 122.4 मीटर मोजले. त्यांनी चुकीचं वाचलं असं मी म्हणत नाही. आमच्या टोटल स्टेशनच्या (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवरही त्या रेषेची उताराची लांबी जवळपास तेवढीच आली होती आणि ती मी तुम्हाला जागेवर दाखवली होती. त्याच स्क्रीनवर खाली आडवं अंतर होतं, 120.0 मीटर. दोन्ही टोकांच्या लेव्हलमधला, म्हणजे उंचीतला, फरक 24 मीटर. आता कोणीही कॅल्क्युलेटर घेऊन बसावं. 120 चा वर्ग 14,400, 24 चा वर्ग 576, बेरीज 14,976, तिचं वर्गमूळ 122.4. म्हणजे तुमच्या भावाची टेप आणि आमचा नकाशा एकमेकांशी तंतोतंत जुळतात. रुंदी साधारण 80 मीटर आहे. उताराच्या लांबीने गुणलं की 9,790 च्या आसपास चौरस मीटर होतात, आडव्या लांबीने 9,600. ज्या दोन टक्क्यांसाठी तुम्ही संधान हा शब्द वापरलात, ते दोन टक्के एवढेच आहेत.

जमिनीचं क्षेत्र आडव्या अंतरानेच काढतात. हा आमचा नियम नाही, मोजणीची ही रीत फार जुनी आहे. टोटल स्टेशन नव्हतं तेव्हाही उतारावर साखळी किंवा टेप जमिनीलगत ओढत नसत. ती आडवी ताणून धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा, ओळंबा टेकला तिथे खूण करायची आणि तिथून पुढचा टप्पा. कारण सरळ आहे. घर ओळंब्यात उभं राहतं, उताराला काटकोनात नाही. तुमच्या उतारावर टप्पे पाडून सपाट प्लॉट काढले की ते जिन्यासारखं होतं. पायऱ्या कितीही केल्या तरी सगळ्या पायऱ्यांच्या रुंदीची बेरीज 120 मीटरच भरणार. जास्तीचे 2.4 मीटर कोणाच्याही प्लॉटमध्ये दाखवता येत नाहीत, आणि आम्ही ते कागदावर दाखवले असते तर आखणीच्या दिवशी शेवटच्या प्लॉटवाल्याला ओढ्यात उभं राहावं लागलं असतं. उताराची लांबी लागते ती कुंपणाची तार आणि पाइप घेताना. ती आम्ही तुम्हाला वेगळ्या तक्त्यात दिली आहे, कृपया शेवटचं पान बघा.

टेपबद्दल आणखी एक. गवतावरून, दगडगोट्यांवरून नेलेली किंवा मधे झोळ पडलेली टेप नेहमी जास्तच वाचते, कमी कधीच नाही. उन्हाने स्टीलची टेप लांबते असं कोणी म्हणेल, पण तो फरक 30 मीटरला 10 अंशांमागे साडेतीन मिलिमीटर. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि आम्ही घालतही नाही.

आता मोबाईल. फोनच्या जीपीएसची नेमकेपणाची हद्द मोकळ्या आकाशाखाली साधारण 5 मीटर धरतात. झाडी किंवा इमारती जवळ असतील तर आणखी बिघडते. तुमच्या 80 मीटरच्या एका बाजूची रेषा 5 मीटर सरकली, तर क्षेत्रात 400 चौरस मीटरचा फरक पडतो. आपला सगळा वाद 190 चौरस मीटरचा आहे. म्हणजे ज्या साधनाची संभाव्य चूकच वादाच्या दुप्पट आहे, त्याला पंच नेमून तुम्ही आम्हाला दोषी ठरवलंत. फोनचा आकडा टेपच्या आकड्याशी जुळला हा योगायोग आहे. उद्या सकाळी पुन्हा फिरून बघा, वेगळा येईल. फोन वाईट नाही, रस्ता शोधायला आम्हीही तोच वापरतो. पण हद्दीला सेंटिमीटरचं काम लागतं. त्यासाठी जीपीएसचा एक रिसीव्हर माहीत असलेल्या बिंदूवर उभा ठेवून दुसऱ्याने मोजावं लागतं, आणि ओढ्याकाठच्या झाडीखाली तेही भरवशाचं नसतं, म्हणून तिथे प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) लावून टोटल स्टेशननेच काम केलं.

आणि खरेदीखत? तुमच्या खरेदीखतात जे क्षेत्र लिहिलं आहे, त्यात आणि आमच्या क्षेत्रात अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. ते खत तुमच्याच फाइलमध्ये आहे. अभिप्राय लिहिण्याआधी दोन कागद शेजारी ठेवून बघितले असते तर बरं झालं असतं.

शेजाऱ्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. पूर्वेकडचा हद्दीचा दगड जागेवरून आत सरकलेला होता. बुडाशी माती भुसभुशीत, बाजूला जुना खड्डा. तुमचे शेजारी त्याच दगडाला हद्द म्हणत होते. आम्ही तो धरला नाही. बाकीचे पक्के दगड घेऊन त्यांच्यापासूनची जुन्या नकाशातली अंतरं मांडली, तेव्हा खरी हद्द त्या दगडाच्या 40 सेंटिमीटर पलीकडे निघाली, म्हणजे तुमच्या फायद्याची. शेजारी त्यावर बरंच बोलले, आणि तुम्ही तिथेच उभे होतात. संधान असतं तर आम्हाला फक्त तो दगड मान्य करायचा होता. कोणाला कळलंही नसतं.

तीन आठवड्यांबद्दल फार लांबवत नाही. मोजणीचा घेर जिथून सुरू केला तिथे परत आणून बंद करावा लागतो, नाहीतर मधे कुठे चुकलं ते कळायला मार्ग नसतो. लेव्हलचंही तसंच. एक किलोमीटरच्या फेरीला 12 मिलिमीटरपर्यंत तफावत चालते, त्यापेक्षा जास्त आली की फेरी पुन्हा घ्यायची. आमचं हे काम अर्ध्यावर असताना तुम्ही झुडपं काढायला मशीन घातलं. वरच्या बाजूचे सगळे खुंट आणि आमचा बेंचमार्कचा खिळा, म्हणजे ज्याच्यापासून सगळ्या उंच्या मोजतो ती खूण, त्यात गेला. मशीन घालण्याआधी कळवा, असं आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग रस्त्याच्या मोरीच्या (छोट्या पुलाच्या) कठड्यावर रंगाने केलेल्या खुणेपासून लेव्हल पुन्हा आणावी लागली. जुन्याच आकड्यांवर नकाशा काढून वेळेत देता आला असता, पण तसलं काम आम्ही करत नाही.

तुम्ही साइटवर म्हणाला होतात की पाणी कुठे वाहतं ते डोळ्यांना दिसतं, लेव्हल कशाला घेत बसता. मोठ्या उतारावर दिसतं, हे बरोबर. पण तुमचे आतले रस्ते उताराला आडवे जातात. तिथल्या गटाराला 1:200 उतार आहे, म्हणजे 10 मीटरला फक्त 5 सेंटिमीटर. शेजारी तीव्र उतार असला की एवढा हलका उतार डोळ्यांना चढासारखाही दिसतो. त्या भरवशावर गटार बांधलं की पाणी मधेच तुंबतं, आणि ते लोक राहायला आल्यावर कळतं. खालचा कोपरा मोकळा सोडला त्याचंही कारण पाणीच आहे. गवताळ मोकळ्या जमिनीवरून पावसाचं साधारण 10 ते 35 टक्के पाणी वाहून जातं. छप्पर, काँक्रीट, डांबर झालं की तेच 70 ते 95 टक्क्यांवर जातं. हे जादा पाणी थोडा वेळ थांबायला जागा नको का? तो प्लॉट विकता आला नाही याचा तुम्हाला राग असेल, मी समजू शकतो. पण तिथे घर बांधणाऱ्याचा विचार कोणीतरी करायलाच हवा.

आडवी लांबी आणि उताराची लांबी यापुढे आम्ही नकाशाच्या पहिल्याच पानावर शेजारी शेजारी लिहू, आणि फोनच्या बाबतीतही काहीतरी सोय करतो आहोत.

तुमच्यासाठी एवढंच सांगतो की फेरमोजणीला आम्ही तयार आहोत. तुम्ही या, भावाला आणा, शेजाऱ्यांना बोलवा, तुमच्या पसंतीचा दुसरा सर्व्हेअर आणा. त्याने त्याचं यंत्र लावावं, आम्ही आमचं लावतो. वाचन सगळ्यांसमोर वहीत लिहू आणि सगळ्यांच्या सह्या घेऊ. येण्याआधी एक दिवस कळवा आणि तोवर कृपया साइटवर मशीन घालू नका.

तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. शेजाऱ्याशी संधान असल्याचं वाक्य तेवढं काढून टाका, ही हात जोडून विनंती.