आधीच्या खुणा आणि एक चांगली चाचणी म्हणजे उतार पक्का नव्हे

स्की घेऊन मोकळ्या डोंगरात जाणाऱ्यांमध्ये हिमस्खलनाच्या धोक्याबद्दल एक सल्ला खूप फिरतो: ‘बर्फ पडून दोन दिवस झाले, उतारावर आधी कुणी उतरल्याच्या खुणा आहेत आणि बर्फात खणलेल्या खड्ड्यातली चाचणी चांगली आली, तर बिनधास्त उतरा.’ तिन्ही अटी ऐकताक्षणी पटतात. माझी काळजी तीच आहे.

दोन दिवसांचा हिशेब ताज्या बर्फापुरता बऱ्याचदा जमतो. पण थंड, निरभ्र रात्री पृष्ठभागावर उगवलेले पिसांसारखे स्फटिक किंवा साखरेसारखे सुटे दाणे खाली गाडले गेले असतील, तर तो थर आठवडेच्या आठवडे कच्चा राहतो. शिवाय आभाळातून काही न पडताही वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर काही तासांत थापतो.

खुणांचं म्हणाल, तर कच्च्या थरावरची लादी, म्हणजे बर्फाचा घट्ट, एकसंध थर, सगळीकडे सारखी जाड नसते. पाच जण जाड भागावरून सुखरूप जातात. सहावा खडकाजवळच्या पातळ जागी पोहोचतो, त्याचा भार कच्च्या थरापर्यंत उतरतो आणि तिथून निघालेला तडा अख्खा उतार सोडवतो.

चाचणीवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच असतो. ३० बाय ३० सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करून त्यावर फावडं ठेवतात. मग मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० ठोके. थर किती भाराने तुटतो ते यात दिसतं, तुटलेला तडा किती पसरेल ते नीट दिसत नाही. त्यासाठी ९० सेंटिमीटर रुंद स्तंभाच्या एका टोकाला ठोकून तडा दुसऱ्या टोकापर्यंत धावतो का ते बघतात. तरीही निकाल त्या एका जागेचाच, आणि खड्डा आपण सहसा सुरक्षित जागीच खणतो. वाईट निकाल मागे फिरायला पुरेसा आहे. चांगल्या निकालावर उतरायची परवानगी मिळत नाही.

या सल्ल्यात उताराचा कोन कुठेच नाही, हे मला सगळ्यात खटकतं. लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांत. पायाखाली ‘धप्प’ आवाज होणं, स्कीपासून भेगा धावणं, शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसणं, या धोक्याच्या इशाऱ्यांचाही उल्लेख नाही. हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज देणाऱ्या बुलेटिनमध्ये जुन्या कच्च्या थराचा इशारा असेल, तर खड्डा कितीही चांगला निघो, मी ३० अंशांखाली राहतो आणि डोक्यावर तीव्र उतार नाही ना, तेही बघून घेतो.