हो, सोलापुरातच बसून सांगतेय

गेल्या आठवड्यात मी फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरवणाऱ्यांनी गाईडबुक कसं निवडावं यावर लिहिलं होतं. त्याखाली 'अस्सल भटक्या' नावाने एक प्रतिक्रिया आलीय. उत्तर तिथेच देणार होते पण लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतेय. नवरा म्हणाला सोडून दे. दोन दिवस सोडून दिलंही, तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता परत आठवलं आणि भाकरी करपली.

प्रतिक्रिया अशी: "काकू, सोलापुरात बसून फ्लोरिडाचं गाईडबुक कुठलं घ्यायचं हे सांगणं म्हणजे पंढरपूर न बघता वारीचं वर्णन करण्यासारखं आहे. छापील पुस्तक हातात येईपर्यंत शिळं होतं, ॲपवर सगळं लाईव्ह दिसतं. तुमचं ते जिनी प्लस तर केव्हाच गेलं. आठशे पानं कोण वाचतं, युट्यूबवर सगळं फुकट आहे. बाकी लिहीत राहा." आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र.

आधी माझं जे चुकलं ते. जिनी प्लस म्हणजे राईडची लांब रांग टाळायला पैसे भरून घ्यायची सोय, ते नाव जुलै 2024 पासून नाही, आता लायटनिंग लेन मल्टी पास म्हणतात, आणि नुसतं नाव नाही तर पद्धतही बदललीय. आम्ही गेलो तेव्हा ते त्याच दिवशी घ्यायचं असायचं, आता त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी बुक करता येतं. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, धन्यवाद. माझे सासरे अजून मुंबईला बॉम्बेच म्हणतात, तसं माझं झालं. चूक ती चूक, मी नाही म्हणत नाही.

आता 'सोलापुरात बसून'.

एक तर मी पंढरपूर बघितलंय, माझं आजोळ तिथलं. आणि फ्लोरिडाही बघितलंय. पोस्टच्या दुसऱ्याच परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय की 2023 च्या मे अखेरीला आम्ही चौघं गेलो होतो, म्हणजे तुम्ही शीर्षक वाचलंत, जिनी प्लसवर बोट ठेवलंत आणि थेट प्रतिक्रियेत उतरलात. असो. 'काकू' म्हणण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं काकूच म्हणतात. पण एक काकू असते हाक मारायची आणि एक असते गप्प बसवायची. दोन्हीतला फरक मला सत्तेचाळीस वर्षांत चांगला कळायला लागलाय.

आणि उदाहरण तरी वारीचं घ्यायचं नव्हतं. वारीला निघणारा माणूससुद्धा पालखीचा मुक्काम कुठल्या तिथीला कुठे, रिंगण कुठे, याचं छापील वेळापत्रक खिशात ठेवून निघतो. ते घरी बसूनच वाचलेलं असतं ना?

मुळात पुस्तक कुठलं घ्यायचं हे बसूनच ठरवायचं असतं हो. तिथे गेटवर उभं राहून कोण पुस्तक निवडतं? माझे वडील, आण्णा, आम्हाला दर जानेवारीत गड्ड्याला न्यायचे. बाहेरच्यांसाठी सांगते, सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर पाळणे, खेळणी, खाण्याचे स्टॉल असं जे सगळं भरतं त्याला आम्ही गड्डा म्हणतो. आम्ही चार भावंडं आणि आण्णांच्या खिशात मोजके पैसे. तर आण्णा आदल्या संध्याकाळी सायकलवर एकटे जाऊन यायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून आणायचे, कुठला पाळणा कितीला, धूळ कुठे कमी, पाण्याचा नळ कुठे. मौत का कुआं कायम शेवटी, कारण तो एकदा बघितला की पोरांना बाकी सगळं फिकं वाटतं आणि आधी घातलेले पैसे वाया जातात. ते कॅलेंडरचं पान हे माझं पहिलं गाईडबुक. त्यात एकही फोटो नव्हता आणि एकही वाक्य पाळणेवाल्याच्या फायद्याचं नव्हतं. हेच मी पोस्टमध्ये सांगितलं होतं, फक्त आण्णांचं नाव न घेता.

मग 2011 च्या डिसेंबरात आम्ही एका टूरवाल्यांबरोबर सिंगापूरला गेलो, नाव घेत नाही. युनिव्हर्सल स्टुडिओ तेव्हा नवीकोरी होती. अकरा वाजता गेटवर सोडलं, म्हणाले चार वाजता इथेच या. हातात पार्कचाच रंगीत नकाशा, त्यात सगळंच 'धमाल'. मुलगा चार वर्षांचा. जी रांग दिसली तिला आम्ही लागलो, पाऊण तास उभं राहून पुढे गेलो तर तिथला माणूस उंचीची काठी लावून म्हणतो हा नाही बसू शकत. पोराने तिथे जे भोकाड पसरलं ते मी अजून विसरले नाही आणि तोही विसरलेला नाही, आता अठरा वर्षांचा घोडा झाला तरी. पाच तासांत तीन राईड झाल्या, त्यातली एक तर नुसती बोट. त्या दिवशी ठरवलं की परत असं जायचं झालं तर आधी घरी अभ्यास.

म्हणून 2022 च्या दिवाळीनंतर, व्हिसाच्या तारखेची वाट बघत होतो तेव्हा, मी दोन पुस्तकं मागवली. एक पार्कवाल्यांच्या आशीर्वादाने निघणारं, एक स्वतंत्र लोकांनी लिहिलेलं. पहिलं गुळगुळीत कागदाचं, पानोपानी हसणारी मुलं. मी एकच परीक्षा घेतली, पेन्सिल घेऊन 'हे टाळा', 'ह्यात दम नाही', 'दुपारी जाऊ नका' असं कुठे कुठे लिहिलंय त्यावर खुणा करत गेले. पहिल्या पुस्तकात शंभर पानांत एकही खूण नाही. दुसऱ्यात विसाव्या पानापर्यंत सहा झाल्या. तिथेच निवड झाली. ज्या पुस्तकाला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काय अर्थ आहे?

दुसरी गोष्ट मी सांगितली होती ती मागची सूची बघायची. सूचीत 'शाकाहारी' शोधा. माझ्या सासूबाई बरोबर नव्हत्या पण नवरा कट्टर, अंड्याचा केकसुद्धा नाही. सूचीवरून कळलं की त्यांच्या ॲनिमल किंगडम नावाच्या पार्कला लागून त्यांचं जे हॉटेल आहे तिथे सना नावाचं रेस्टॉरंट आहे, भारतीय आणि आफ्रिकन चवीचं, आणि तिथे नुसते नान आणि त्याबरोबर चटण्यांच्या वाट्या असा एक प्रकार मिळतो. नवरा तिथे बसून म्हणाला ह्यात आपली शेंगा चटणी असती तर. (पिशवीत होती, विमानतळावर डिक्लेअर करून नेलेली, पण रूमवर राहिली. हॉटेलात शिरल्याबरोबर ह्या माणसाने आधी काय केलं असेल तर टॉवेल उलटा करून त्याचे लूप बघितले. आमचा धंदा टॉवेलचा आहे, सोलापूर असं कुठे सुटतं.)

आणि ह्या टेबलाचं बुकिंग साठ दिवस आधी सुरू होतं, तिथल्या सकाळी सहाला. पुस्तकात हे पहिल्याच भागात मोठ्या अक्षरात होतं. तिथले सकाळचे सहा म्हणजे त्या दिवसांत आपले दुपारचे साडेतीन. अमेरिकेतले लोक गजर लावून डोळे चोळत उठतात आणि मी गॅसवर चहा ठेवून बुक करून मोकळी झाले. सोलापुरात बसून.

उंचीचा तक्ता हे तर मी आयुष्यभर विसरणार नाही. शेंडेफळ तेव्हा सहा वर्षांची. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी तिला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलने रेघ मारली, 108 सेंटिमीटर. स्पेस माउंटनला 112 लागतात, ट्रॉनला 122. तिथे बूट घालून मोजतात म्हणून नवरा म्हणाला जाड तळाचे घेऊ, मी म्हटलं तो शहाणपणा नको. फेब्रुवारीपासून रोज जाता येता तिला सांगितलं की ह्या दोन राईड पुढच्या वेळच्या. मेमध्ये गेटवर तिने स्वतःच बोट दाखवून दादाला सांगितलं, ही माझी पुढच्या वेळची आहे. आणि रायडर स्विच म्हणून सोय आहे, एक पालक खाली मुलाबरोबर थांबतो आणि दुसरा परत आला की पहिल्याला पूर्ण रांग न लावता जाता येतं, हेही पुस्तकातच कळलं. तेरा वर्षांच्या वरचे सगळे युट्यूबवाले राईडवर हात वर करून ओरडताना दिसतात, खाली पोर घेऊन थांबलेल्या आईचा व्हिडिओ कोण काढतं?

ॲपचं म्हणाल तर ॲप माझ्याकडेही होतं. ट्रॉन 4 एप्रिल 2023 ला उघडली, माझ्या पुस्तकात ती अजून 'येणार आहे' अशीच होती, आणि तिचा नंबर मुलाने सकाळी सातला फोनवरच लावला. मान्य. पण कुठल्या रांगेला किती वेळ आहे हे ॲप सांगतं, त्या रांगेला लागावं का हे सांगत नाही. फेब्रुवारीत सोलापुरात ॲप उघडून बघा बरं, तुम्हाला आज तिकडे किती मिनिटं लागतायत ते दिसेल, त्याचं काय लोणचं घालू? तो सगळा पसारा शंभर चौरस किलोमीटरचा आहे, आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून जास्त, त्यात चार पार्क, आणि उन्हाळ्यात दुपारी गडगडाट झाला की उघड्यावरच्या राईड बंद. हे माहीत असलेला माणूस उघड्यावरचं सकाळी उरकतो. माहीत नसलेला ॲपमध्ये 'तात्पुरती बंद' वाचत भिजतो.

आठशे पानं कोण वाचतं? मी वाचते. सगळी नाही वाचली, हॉटेलांची दोनशे पानं सोडली. उरलेलं पुस्तक नव्या पेठेतल्या बाइंडरकडे नेऊन पाठीवरून कापून घेतलं, एकेका पार्कचा एकेक तुकडा, चार छोट्या वह्या झाल्या. बाइंडर म्हणाला ताई एवढं महागाचं पुस्तक कशाला फाडताय, मी म्हटलं पाठ दुखू नये म्हणून. रोज सकाळी त्या दिवसाची वही बॅगेत.

एक मात्र खरं, घेताना आवृत्ती बघावी. कव्हरवर पुढच्या वर्षाचा आकडा छापलेला असतो, आत कॉपीराइटच्या पानावर आदल्या वर्षाचा सापडतो. ते पान आधी उघडायचं आणि मग किंमत बघायची. हेही पोस्टमध्ये होतं, पण तुम्ही 'शिळं' म्हणून पुढे गेलात.

आणि हो, एकदाच जाऊन आले. एकदाच जाता येतं म्हणून तर पुस्तक लागतं बाबा! जो दरवर्षी जातो त्याला कशाला हवंय? तू किती वेळा गेलास ते काही तू लिहिलं नाहीस. प्रोफाइलवर फोटो तर एकरुख तलावाचा आहे, आणि तोही तिरका.

शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात झालं, राहू दे. 'लिहीत राहा' म्हणालात, ते मी तुम्हाला विचारून करत नव्हते.

पुस्तक खरंच बघायचं असेल तर माझ्याकडे आहे, घेऊन जा. मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ह्या तीन वह्या कपाटात आहेत. ॲनिमल किंगडमची भावाने नेलीय, दोन वर्षं झाली, मागितली की म्हणतो उद्या देतो.