भिंत आहे, पण दिसत नाहीये

आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं सांगा बरं? 'क्लायंटने परत बदल सांगितलाय'? नाही, ते दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर 'अगं ती भिंत कुठे गेली?' चा. आणि त्यावर शेजारच्या टेबलवरून, मान वर न करता, ठरलेलं उत्तर येतं: 'कुठे जातेय, आहे तिथेच आहे, फक्त दिसत नाहीये.'

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजकाल आम्ही नुसत्या रेषा काढत बसत नाही, रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल्डिंगचं अख्खं थ्रीडी मॉडेल बनवतो, आणि प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), सेक्शन (उभा छेद), एलेव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) हे सगळे त्याच एका मॉडेलचे वेगवेगळे व्ह्यू. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की एलेव्हेशनमध्ये ती आपोआप सरकते. हे खरंच भारी आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण कुठल्या व्ह्यूत काय दाखवायचं, काय लपवायचं, कुठली रेष जाड, कुठली फिकट, हे त्या त्या व्ह्यूला वेगळं सांगावं लागतं. म्हणजे काढायचं एकदा आणि दाखवायचं शंभरदा. सॉफ्टवेअरच्या डेमोमध्ये पहिला अर्धा भाग दाखवतात.

आमचे सर ट्रेसिंग पेपर आणि रोटरिंग पेनच्या जमान्यातले. त्यांच्या वेळी भिंत हवी असेल तर काढायची, नको असेल तर ब्लेडने खरवडायची, विषय संपला. त्यामुळे 'सर, भिंत मॉडेलमध्ये आहे पण व्ह्यूमध्ये नाही' हे त्यांना आजही पटत नाही.

'म्हणजे आहे की नाही?'

'आहे सर.'

'मग दिसत का नाही?'

इथे मी गप्प बसते, कारण या प्रश्नाला डझनभर उत्तरं आहेत आणि त्यातलं आजचं कुठलं हे खुद्द सॉफ्टवेअरही सांगत नाही.

गोष्ट अशी आहे की भिंत दिसायला सगळ्यांचा होकार लागतो. व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये, म्हणजे कीबोर्डवर व्हीव्ही दाबलं की जो भलामोठा डायलॉग बॉक्स उघडतो त्यात, वॉल्सपुढे टिक हवी. कुणी फिल्टर लावून तिला झाकलेलं नको, एकट्या तिच्यावर राइट क्लिक करून हाइड केलेलं नको, ती जुनी, नवी की पाडायची हे त्या व्ह्यूच्या फेज फिल्टरला मान्य हवं, ती ज्या वर्कसेटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या ज्या गटात, आहे तो उघडा हवा, डिझाइन ऑप्शन, म्हणजे डिझाइनचा पर्याय, तोच हवा, क्रॉपच्या, म्हणजे व्ह्यूच्या कडेच्या चौकटीच्या, आत हवी, व्ह्यू रेंजमध्ये, म्हणजे तो व्ह्यू जेवढ्या उंचीतलं बघतो त्यात, हवी. नकाराला मात्र यातला एकजण पुरतो. आणि कोण नाही म्हणालं हे बाकीच्यांना माहीत नसतं! तुम्ही व्हीव्ही उघडता, टिक दिसते, जीव भांड्यात पडतो, ओके दाबता, आणि भिंत आपली गायबच.

नवीन पोरं यात कशी अडकतात ते बघण्यासारखं असतं. प्लॅनमध्ये बेसिन ठेवायला क्लिक केलं की कोपऱ्यात सूचना येते, की तुम्ही बनवलेली वस्तू या व्ह्यूमध्ये दिसत नाहीये, जरा सेटिंग्ज बघून घ्या. इतकं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण ट्रेनी माणूस सूचना वाचत नाही, बंद करतो. मग तो परत क्लिक करतो, मग अजून एकदा, जरा जोरात, मग थोडा मोकळा श्वास घेऊन शांतपणे, मग वैतागून. पुढे कधीतरी कुणीतरी प्लंबिंग फिक्स्चर्सची, म्हणजे बेसिन ज्या गटात येतं त्याची, टिक लावतं आणि बेसिन दिसायला लागतं. वरून बघितलं तर एकच, छान. शेड्यूल, म्हणजे वस्तूंची मोजणी केलेली यादी, काढलं की कळतं, एका टॉयलेटमध्ये नऊ बेसिन.

पण या सगळ्यात माझा खास राग व्ह्यू रेंजवर. प्लॅन म्हणजे काय, तर बिल्डिंग एका उंचीवर आडवी कापायची आणि वरून खाली बघायचं. ही कापायची पातळी म्हणजे कट प्लेन, आणि तिची उंची साधारणपणे 1200 मिलिमीटर ठेवतात, कारण दारं आणि नेहमीच्या खिडक्या सगळ्या त्यात कापल्या जातात. आता टॉयलेटचा व्हेंटिलेटर असतो 1800 वर. म्हणजे प्लॅनमध्ये तिथे सलग भिंत, आणि मग 'मॅडम, व्हेंटिलेशन दिलेलंच नाही का?' असा साइटवरून फोन. बरं, म्हणून कट प्लेन 1900 वर नेलं तर व्हेंटिलेटर येतो, पण जिना बिघडतो, कारण जिना जिथे कापून दाखवतात ती तिरकी तुटरेषा कुठे पडणार हेही तीच उंची ठरवते, त्यामुळे आता जिन्याच्या चारपाच पायऱ्या जास्त दिसायला लागतात आणि सर विचारतात जिना का वाढवला. यावर उपाय आहे. प्लॅन रीजन नावाचा चौकोन फक्त व्हेंटिलेटरभोवती काढायचा आणि तेवढ्या तुकड्याला वेगळी कट उंची द्यायची. उत्तम उपाय. फक्त असे दोन चौकोन एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, आणि पाठीला पाठ लावून टॉयलेटं असलेल्या प्लॅनमध्ये हे चौकोन बसवणं हे एक स्वतंत्र कोडं होऊन बसतं, ते सोडवताना मूळ कामाचा पार विसर पडतो.

आणि त्यात एक नियम असा आहे की तो पहिल्यांदा कळला तेव्हा मला वाटलं कुणीतरी माझी फिरकी घेतंय. सहा फुटांपेक्षा बुटकी भिंत असेल तर कट प्लेन तिच्या मधोमध गेलं तरी सॉफ्टवेअर तिला कापत नाही! वरून बघितल्यासारखी बारीक रेषेत दाखवतं. म्हणजे पाच फुटी आडोशाच्या भिंतीला तुम्ही जाड रेष मागाल तर मिळणार नाही, मग कुणी तिची उंची वाढवून बघतं, कुणी वरून जाड डिटेल लाइन, म्हणजे भिंतीशी न जोडलेली नुसती रेष, मारून ठेवतं आणि कुणाला सांगत नाही. पुढे भिंत सरकते, लाइन तिथेच राहते.

डिसिप्लिनची तऱ्हा वेगळीच. व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये एक साधासा पर्याय असतो, आर्किटेक्चरल, स्ट्रक्चरल वगैरे. कुणी तिथे स्ट्रक्चरल निवडलं की भार न घेणाऱ्या सगळ्या पार्टिशन भिंती प्लॅनमधून नाहीशा होतात, एका फटक्यात. जो भार वाहत नाही तो दिसणार नाही, असा साधा न्याय. हा न्याय ऑफिसच्या हजेरीला लावला तर शनिवारी किती जण दिसतील याचा हिशोब आम्ही एकदा चहाच्या वेळेत केला होता, नावं सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर जाऊन सेटिंग बदला की. जाते ना. प्रॉपर्टीज उघडते तर सगळं करडं, काहीच क्लिक होत नाही, कारण व्ह्यूला टेम्पलेट लावलंय. टेम्पलेट म्हणजे एकदा ठरवलेल्या सेटिंग्जचा गठ्ठा, तो लावला की सगळे प्लॅन एकसारखे दिसतात, कल्पना अगदी शहाणपणाची आहे. पण टेम्पलेटमध्ये फर्निचर ऑन केलं की ते ज्या ज्या व्ह्यूला लावलंय तिथे तिथे सोफे येणार, अगदी बीमच्या लेआउटमध्येसुद्धा. म्हणून मग माणूस कुणी बघत नाही ना हे बघून टेम्पलेट काढून 'नन', म्हणजे 'काहीच नाही', करतो, आपलं काम उरकतो आणि पळतो. आठवड्याने टेम्पलेटवाले मॅनेजर येऊन परत लावतात आणि त्या व्ह्यूतली सगळी मेहनत एका सेकंदात पूर्वपदाला. यात दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच भांडण मिटत नाही.

मदतीला एक बल्बचं बटण आहे हे मान्य करते. दाबलं की लपवलेल्या वस्तू गुलाबी-लाल रंगात उजळतात, बाकी सगळं फिकट पडतं. शेजारी चष्म्याचं बटण, ते तात्पुरतं लपवायला, आणि ते चालू असलं की व्ह्यूभोवती निळसर चौकट येते. पण बल्बला ठरावीक गुन्हेच दिसतात. वस्तू व्ह्यू रेंजच्या बाहेर असेल किंवा वर्कसेटच बंद असेल तर बल्ब पेटवून उपयोग शून्य, म्हणजे नेमकी जी केस अवघड तिथे हा हात वर करणार.

आणि हे सगळं जमलं, भिंत दिसली, जाडी बरोबर आली, असं वाटेपर्यंत प्रिंट निघते. स्क्रीनवर आम्ही थिन लाइन्स चालू ठेवून काम करतो, त्यात सगळ्या रेषा एकसारख्या बारीक आणि सुबक दिसतात. प्रिंटला त्या बटणाशी काही देणंघेणं नाही. प्रिंट खऱ्या जाडीची, आणि रेषांची जाडी चित्राइतकी लहान होत नसल्यामुळे 1:50 ला जो प्लॅन देखणा होता तो 1:200 ला कुणीतरी काजळ ओतल्यासारखा. सर कागद हातात घेऊन चष्मा वर करतात, चष्मा खाली करतात. 'हे दार आहे का डाग आहे?'

थ्रीडीच्या सेटिंग्जबद्दल फार बोलत नाही. क्लायंट आले की कुणीतरी उत्साहाने रिअलिस्टिक, सावल्या, सगळं चालू करतं, मग कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा वाजायला लागतो आणि सगळे मिळून एका गोठलेल्या बाल्कनीकडे बघत बसतात.

या सगळ्यावर ऑफिसने शोधलेला तोडगा म्हणजे डुप्लिकेट. जो व्ह्यू सुधारता येत नाही त्याची कॉपी काढायची आणि त्यात हवं ते करायचं. त्यामुळे आमच्या प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये एकाच मजल्याचे 'फर्स्ट फ्लोअर', 'फर्स्ट फ्लोअर कॉपी 1', 'फर्स्ट फ्लोअर फायनल', 'फर्स्ट फ्लोअर फायनल खरा' आणि 'टेस्ट वापरू नका' असे प्लॅन सुखाने नांदतात. मागे मी साफसफाई करायला घेतली, म्हटलं शेवटच्यापासून सुरुवात करू, डिलीट करण्याआधी जरा बघितलं, तर साइटवर गेलेल्या शीटवर नेमका तोच व्ह्यू ठेवलेला. उघडून बघितला तर सगळ्या भिंती दिसत होत्या, व्हेंटिलेटरसकट, जिनाही बरोबर तुटलेला. कुणी आणि कसा केला हे विचारलं तर कुणी पुढे येईना. मी तो तसाच ठेवला आणि नावापुढे 'हात लावू नका' एवढं जोडून टाकलं.